कागदात न मावलेले जहाज

अमेरिकेच्या 'मिसूरी' या युद्धनौकेचे मी काढलेले पहिले चित्र दोन कागदांवर आहे, आणि त्यामागे कसलीही कलात्मक योजना नव्हती. माझा अंदाज सपशेल चुकला होता. पर्ल हार्बरमध्ये फोर्ड बेटाच्या धक्क्याला लागलेल्या या जहाजाच्या मधल्या मनोऱ्यापासून मी सुरुवात केली, तिथून पुढच्या दोन तोफबुरुजांकडे सरकत गेले आणि नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, येण्याच्या आतच कागद संपला. जहाजाची लांबी २७० मीटर आहे हे मला घरून निघतानाच पाठ होते, पण तोंडपाठ आकडा हाताला ठाऊक असतोच असे नाही. शेवटी वहीतले आणखी एक पान फाडून जोडले. पहिला तोफबुरूज आणि नाळ यांच्या मधोमध ती चिकटपट्टी आता पिवळी पडली आहे.

दुसऱ्या दिवशी मोजमाप काटेकोर हवे म्हणून डेकची रेषा फूटपट्टीने ओढली आणि त्या देखण्या जहाजाचा पार मालवाहू पडाव झाला. जहाजावर सरळ रेषा जवळपास नसतेच, हे मला ती रेषा खोडताना उमगले. डेक नाळेकडे हळूहळू वर चढत जातो, वरचे पाणी दोन्ही कडांनी ओसरावे म्हणून आडवाही किंचित फुगीर असतो, आणि कुशीचा पत्रा नाळेजवळ वर जाता जाता बाहेर कलतो. 'मिसूरी'च्या बाबतीत ही वळणे अधिकच ठसठशीत आहेत. पनामा कालव्याच्या ३३.५ मीटर रुंद लॉकमधून, म्हणजे जहाजे वर-खाली करणाऱ्या पाण्याच्या कप्प्यांतून, तिला जाता यावे म्हणून तिची रुंदी ३३ मीटरच्या आत बसवावी लागली. शिवाय ३३ नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे ६१ किलोमीटरचा वेग हवा होता, म्हणून पुढचा भाग लांब आणि निमुळता ठेवला गेला. त्यामुळे वरून पाहिल्यास हे जहाज बाटलीसारखे दिसते आणि समोरून पाहिल्यास, एवढे चिलखत अंगावर वागवणारी वस्तू इतकी सडपातळ कशी, असा प्रश्न पडतो.

तोफांनी मला सर्वांत जास्त दमवले. सोळा इंची तोफेची नळी साधारण २० मीटर लांब. तिच्यातून सुटणारा चिलखतभेदी गोळा १,२२५ किलोचा आणि त्याचा पल्ला सुमारे ३८ किलोमीटर. अशा नऊ तोफा तीन बुरुजांत बसवलेल्या आहेत, आणि डेकवर जो बुरूज दिसतो तो फक्त वरचा भाग, कारण दारूगोळा वर चढवणारी त्याची यंत्रणा खाली चार-पाच मजले गेलेली आहे. हे सारे दाखवण्याच्या नादात मी नळ्या जाड करत गेले, छाया गडद करत गेले, आणि दर वेळी चित्रात खेळण्यातली तोफ उतरली. मग कंटाळून मी नळीखालचा कठडा, त्याच्या बारीक उभ्या दांड्या आणि बाजूची एक लोखंडी शिडी काढली. शिडीच्या पायऱ्या माणसाच्या पावलाच्या मापाने काढल्या मात्र, वरची नळी, तिला हातही न लावता, अजस्र दिसू लागली. तेव्हापासून कोणत्याही युद्धनौकेवर मी आधी दार, शिडी किंवा कठडा शोधते आणि जहाज त्याच्याभोवती रचते.

'मिकासा'शी गाठ पडली ती यानंतर, जपानमध्ये योकोसुका इथे. इंग्लंडमधील बॅरोच्या व्हिकर्स कारखान्यात बांधलेली ही युद्धनौका १९०२ मध्ये जपानी नौदलात आली आणि २७ मे १९०५ रोजी रशियाविरुद्धच्या त्सुशिमाच्या लढाईत ती जपानचे अ‍ॅडमिरल तोगो यांची ध्वजनौका होती. आता ती पाण्यात तरंगत नाही. तिचा तळ जमिनीत काँक्रीटमध्ये पक्का केलेला आहे. चित्रकाराला ही एक सोयच, कारण भरती-ओहोटीने क्षितिजाशी असलेले नाते बदलत नाही आणि घाई करावी लागत नाही. तिची नाळ 'मिसूरी'च्या अगदी उलट आहे: ती पाण्याच्या रेषेकडे उतरताना मागे न हटता पुढे सरकते, शत्रूच्या जहाजाला धडक देण्याच्या जुन्या कल्पनेचा तो अवशेष आहे. दोन्ही जहाजे नौदलात दाखल होण्यात अवघे ४२ वर्षांचे अंतर आहे, आणि हे अंतर जितके त्या दोन नाळांच्या रेषांत दिसते तितके कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

'मिकासा'वर एक गोष्ट मात्र मला खटकली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्या तोफा आणि वरचे बांधकाम काढून टाकले गेले, काही काळ तिच्यावर नाचघरही चालले, आणि १९६१ मध्ये पूर्ण झालेल्या दुरुस्तीत तोफा बसवल्या त्या प्रतिकृती आहेत. हे कळण्याआधी काढलेली आणि कळल्यानंतर काढलेली अशी एकाच तोफेची दोन चित्रे माझ्या वहीत शेजारी शेजारी आहेत. दुसऱ्या चित्रातली रेघ नीटनेटकी आहे, पण तिच्यात जोर नाही.

या दुरुस्तीसाठी हातभार लावणाऱ्यांत अमेरिकेचे अ‍ॅडमिरल चेस्टर निमिट्झ होते. तरुणपणी, १९०५ मध्येच, त्यांची तोगोंशी भेट झाली होती आणि त्यांच्याविषयीचा आदर त्यांनी जन्मभर जपला. याच निमिट्झ यांनी २ सप्टेंबर १९४५ रोजी टोकियोच्या उपसागरात 'मिसूरी'वर जपानच्या शरणागतीच्या दस्तऐवजावर अमेरिकेतर्फे सही केली होती. हे वाचल्यावर मी पुन्हा 'मिसूरी'कडे गेले. सही झाली ती जागा डेकवर गोल फलक बसवून दाखवलेली आहे, आणि ती इतकी अरुंद आहे की वहीच्या पानावर ती काढायला फारसे कष्ट पडत नाहीत. कष्ट पडतात ते तिच्या डोक्यावर आलेला दुसरा तोफबुरूज पानाबाहेर ठेवण्यात.

या खेपेला मला हवी होती ती खूण मात्र तिथे नव्हती. ११ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाजवळ एक आत्मघातकी जपानी 'झिरो' लढाऊ विमान जहाजाच्या उजव्या कुशीवर, पिछाडीच्या बाजूला येऊन आदळले. वैमानिकाचा मृतदेह डेकवर सापडला आणि कॅप्टन कॅलाहन यांच्या आदेशाने दुसऱ्या दिवशी त्याला लष्करी मानवंदनेसह सागरात निरोप देण्यात आला. विमानाने पाडलेला पोचा अजूनही तसाच आहे, पण डेकच्या कडेला जाऊन खाली वाकल्याशिवाय तो दिसत नाही, आणि दिसल्यावरही प्रथम वाटते, एवढाच? पत्रा हाताच्या ओंजळीसारखा थोडासा आत गेलेला आहे. एवढ्या पसरलेल्या करड्या पत्र्यावर तो काढायचा तर पत्र्याची रेघ जरा आत वळवायची आणि तिच्याखाली छायेचा एक फटकारा द्यायचा, इतकेच काम. ते करायला मला पाऊण तास लागला, कारण वाकून पाहायचे, सरळ व्हायचे, आठवणीतून एक रेघ ओढायची आणि पुन्हा वाकायचे, असे चालले होते; मागे रांगेत उभ्या असलेल्या एका आजोबांनी शेवटी माझी वही हातात धरली आणि मला दोन्ही हातांनी कठडा धरून नीट पाहू दिले. ते पान मी रंगवलेले नाही. खाली तारीख घातली आहे आणि तिच्यापुढे 'उजवी बाजू, पिछाडी' असे लिहिले आहे.