तुम्ही विचारलेत म्हणून: हे रंग खरे आहेत का?

माझे गाव आर्वी तालुक्यात, वर्धा नदीपासून चालत अर्ध्या तासावर आहे. माझ्या बहुतेक छायाचित्रांत ही नदी, तिच्या अलीकडची काळी वावरे आणि पलीकडे कौंडण्यपूरच्या बाजूला मावळणारा दिवस असतो. प्रवासाला निघालो तरी मेळघाट, लोणार, वैनगंगेचा काठ अशी माझी फेरी विदर्भातच होते. ही छायाचित्रे पाहून लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात. लग्नाच्या पंगतीत, बसस्टँडवर, फोनवरून, कधी प्रेमाने तर कधी थोड्या संशयाने तो येतो: "भाऊ, हे रंग खरे आहेत का, की कॉम्प्युटरवर केलेले?" प्रश्न रास्त आहे. त्याला एका शब्दात हो किंवा नाही म्हणणे मला आजवर जमलेले नाही, म्हणून तुम्ही विचारलेत तर जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात काळ्या मातीपासून केली पाहिजे, कारण कॅमेरा सर्वांत आधी तिच्याच बाबतीत चुकतो. कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला समोर काय आहे हे कळत नाही. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परतवणारे आहे, असे धरून तो मोजमाप करतो. मृगाच्या पावसाने भिजलेले, नुकतेच वखरलेले वावर त्याच्यापुढे आले, की उजेड कमी पडतो आहे असा त्याचा समज होतो आणि तो चित्र उजळवतो; मग ज्या काळ्या ओलीकडे पाहून साऱ्या गावाचा जीव भांड्यात पडतो, ती माती राखेसारखी फिकट उतरते. म्हणून अशा वेळी मी एक स्टॉप (म्हणजे निम्म्याने), क्वचित त्याहून थोडा अधिक प्रकाश कमी घेतो. दिवाळीच्या सुमारास कापूस फुटला की नेमके उलटे होते, फुटलेल्या बोंडांनी भरलेली चौकट कॅमेरा अंधारी करू पाहतो. वेचणीच्या दिवसांत तर पांढरा कापूस आणि काळी जमीन एकाच चौकटीत असतात. तेव्हा मी कापसाच्या तंतूंचा पोत शाबूत राहील इतकाच प्रकाश घेतो आणि मातीचे काम घरी येऊन करतो.

हे घरचे काम शक्य व्हावे म्हणूनच मी रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद, घेतो. जेपेग चित्रात प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. सावलीतील मातीत ढेकूळ कोठे संपते आणि भेग कोठे सुरू होते, हा तपशील त्या जास्तीच्या पायऱ्यांमुळेच पुन्हा वर काढता येतो. पण रॉ फाइल जशीच्या तशी उघडली, तर ती मळकट आणि निस्तेज दिसते. तिला रंग द्यावेच लागतात. मोबाइलच्या छायाचित्रातही ते दिलेलेच असतात. फक्त तेथे ते मोबाइल बनवणाऱ्यांनी ठरवलेले असतात, आणि येथे त्यांची जबाबदारी माझी असते.

माझा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. मोटरसायकलला ट्रायपॉड बांधून मी नदीकडे निघतो. सूर्योदयाच्या आधीची वीस-पंचवीस मिनिटे आणि नंतरचा तासभर, एवढाच माझा खरा कामाचा वेळ. मे महिन्यात सकाळी नऊनंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते, लांब पल्ल्याच्या लेन्समधून पलीकडचा काठ पाण्याखाली असल्यासारखा हलताना दिसतो, आणि मग कितीही महागडी लेन्स असली तरी चित्र धारदार येत नाही. रंगाच्या बाबतीत पहाटे एकच काळजी घ्यायची असते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणता उजेड पांढरा धरायचा याचे माप, कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडला, तर पहाटेची निळाई ही चूक आहे असे समजून तो ती पुसून टाकतो आणि सात वाजताचे कोवळे पिवळे ऊनही धुऊन काढतो. म्हणून माझ्या कॅमेऱ्यात तो कायम डेलाइटवर, म्हणजे दिवसाच्या उन्हाच्या मापावर, असतो. उजेड निळा असेल तर चित्रही निळे येऊ द्यावे, या मताला मी आलो आहे.

मार्गशीर्ष-पौषात नदीवरून धुवारी, म्हणजे धुके, चढते. तिच्यातून तुरीची वावरे थरांथरांनी विरत जाताना दिसतात, आणि अशा चित्राला किंचित सोनेरी छटा दिली की ते फार लोभस होते. पूर्वी मी ती देत असे. एका वर्षी असेच एक चित्र मी शेजारच्या काकांना कौतुकाने दाखवले. ते त्यांच्याच वावराच्या धुऱ्यावरून घेतलेले होते. त्यांनी ते नीट पाहिले आणि म्हणाले, "तुले फोटो भेटला, माही तूर गेली." धुवारी सलग राहिली की तुरीचा फुलोरा गळतो, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. तरीही कॉम्प्युटरसमोर बसल्यावर ते मला आठवले नव्हते. तेव्हापासून धुवारीच्या चित्राला मी ऊब देत नाही. त्या सकाळी तो पांढरा थंड आणि करडा होता, तो तसाच ठेवतो.

पळसाच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. फाल्गुनात पानगळ झालेल्या झाडावर फक्त फुले असतात, आणि त्यांच्या रंगावरच लोकांचा सर्वांत जास्त अविश्वास असतो. प्रत्यक्षात तेथे रंग वाढवावा तर लागत नाहीच, उलट आवरावा लागतो. पळसाचे फूल जवळून पाहिले, तर तळाशी काळपट, मखमली पेला दिसतो, त्यातून पोपटाच्या चोचीसारखी वळलेली केशरी पाकळी बाहेर येते, आणि तिच्यावर बारीक रुपेरी लव असते, जी तिरप्या उन्हातच चमकते. कॅमेऱ्याचा एकत्रित हिस्टोग्राम (चित्रातील उजेड-अंधाराचा आलेख) सर्व ठीक असल्याचे सांगत असतो, पण त्यातील लाल रंगाचा आलेख वेगळा उघडून पाहिला तर तो उजव्या टोकाला जाऊन कापला गेलेला असतो. लाल असा तुटला की लव जाते, पाकळीवरील शिरा जातात आणि फुलाच्या जागी केशरी डाग तेवढा उरतो. म्हणून मी लाल आलेख पाहून प्रकाश घेतो आणि घरी केशरी रंगाची तीव्रता दोन पावले खाली आणतो. पळसाचे माझे जे चित्र लोकांना सर्वांत भडक वाटते, ते मूळ फाइलहून सौम्य आहे.

संपादनाचे काम मी दुपारी करतो, खिडकी अर्धी लावून, आणि स्क्रीनचा उजेड ठरवून घेतलेल्या एकाच मापावर ठेवून. रात्री अंधाऱ्या खोलीत झगझगीत स्क्रीनवर काम केले, तर चित्र उजळ आहे असा भास होतो, हात आखडता घेतला जातो आणि कागदावरील प्रत काळवंडलेली निघते. स्क्रीनवर तरी किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न राहतोच, आणि येथे माझा छंद मदतीला येतो. मी माती गोळा करतो. औषधाच्या रिकाम्या काचेच्या बाटल्यांत, प्रत्येकीवर गावाचे नाव आणि तारीख लिहून, फडताळात मातीच्या रांगा लावलेल्या आहेत. आमच्या वावरातील काळी आहे, माळावरचा तांबूस मुरूम आहे, आणि गडचिरोली जिल्ह्यात मार्कंड्याच्या देवळांकडे गेलो होतो त्या प्रवासात धानाच्या बांध्यांवरून मागून घेतलेल्या मातीही आहेत. तिकडील शेतकऱ्यांकडे त्यांना कन्हार, मोरंड, सिहार, खरडी अशी नेमकी नावे आहेत. (अभयारण्यातून मी मातीच काय, पानही उचलत नाही.) कोरडी काळी माती बाटलीत करडी दिसते आणि चार थेंब पाणी घातले की डोळ्यांदेखत काजळते, म्हणून प्रत्येक मातीच्या दोन बाटल्या असतात. चित्रातील मातीचा रंग ठरवताना मी बाटली दारात, सावलीतील उजेडात धरून पाहतो. ट्यूबलाइटखाली तीच माती हिरवट वाटते. सोबत एक वही असते, तिच्यात नक्षत्र, पाऊस, वारा आणि त्या सकाळी रंग कसे दिसले याच्या दोन ओळी रोज लिहिलेल्या असतात.

ही शिस्त लागण्यालाही एक कारण घडले. काही वर्षांपूर्वी एका कॅलेंडरसाठी मी नांगरलेल्या वावराचे चित्र दिले होते. छापणाऱ्यांना ते फार काळे वाटले आणि मला न विचारता त्यांनी ते उजळवून, तांबूस करून छापले. ते कॅलेंडर गावातील दुकानात टांगलेले होते, आणि खत घ्यायला आलेला एक शेतकरी ते पाहून सहज म्हणाला, "हे वावर आपल्या इकडचं नाही वाटत." ते वावर आमच्या गावाच्या शिवेवरचे होते. मला ते फार लागले.

कोठे थांबायचे, हे मी असे ठरवले आहे. सेन्सरवरील धुळीचा ठिपका पुसतो, कारण तो वावरात नव्हता. कृषिपंपाला गेलेल्या विजेच्या तारा पुसत नाही, कारण त्या वावरात आहेत. दुसऱ्या दिवशीचे आभाळ आणून लावत नाही. पोलरायझर फिल्टर मात्र वापरतो. त्याने पानांवरील आणि पाण्यावरील चकाकी कमी होते आणि खालचा रंग दिसतो, आणि ज्यांना हीदेखील लबाडी वाटते त्यांच्याशी माझे पटत नाही. उलट दिशेनेही सावध राहिले पाहिजे. २०२० च्या जून महिन्यात लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा ती छायाचित्रे पाहून, हे कॉम्प्युटरवर केलेले आहे, असे मला कित्येकांनी ठामपणे सांगितले. पाणी आटून क्षार वाढले होते आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. मला त्या टाळेबंदीच्या दिवसांत तेथे पोहोचता आले नाही, याची हळहळ अजून वाटते. तो गुलाबी रंग कोणी संकोचाने फिका केला असता, तर ते चित्र खोटे ठरले असते.

आता कोणी विचारले, की मी लॅपटॉपवर मूळ फाइल आणि पूर्ण केलेले चित्र शेजारी शेजारी उघडतो आणि काय केले ते दाखवतो. तुरीवाले काका गेल्या आठवड्यात आले होते. दोन वर्षांपूर्वीच्या कपाशीचे एक चित्र त्यांनी बराच वेळ पाहिले. रंगांबद्दल ते काही बोलले नाहीत; उजव्या कोपऱ्यातील कपाशीच्या तासावर, म्हणजे ओळीवर, बोट ठेवून म्हणाले, "या साली इथं लाल्या रोग आला होता." मी वही काढली. त्या तारखेखाली लिहिले होते: उजवीकडील चार तासांची पाने कडेने तांबूस, कारण विचारणे.