मळा-फोंताइन्हासमधलं घर: भावाच्या आधी सह्या मोजा

पणजीच्या मळा, फोंताइन्हास किंवा सां तोमेत एखादं जुनं घर विकायला निघालं, की पहिल्याच भेटीत भाव विचारला जातो. तो ठरला की बयाणा दिला जातो आणि कागद मागाहून शोधायला घेतात. इथले बहुतेक व्यवहार याच क्रमामुळे बिनसतात. भावाचं बोलणं सगळ्यात शेवटी करावं. आधी माणसं, मग ताबा, मग नकाशा, मग लाकूड आणि भिंती.

माणसांपासून सुरुवात करू, कारण खरी गुंतागुंत तिथेच आहे. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा पुढे चालू राहिला; वारसाहक्काचा भाग आता गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्यात आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात, आणि वारशाने आलेलीही त्यात येते. म्हणजे मुलीला माहेरच्या घरात जो हिस्सा मिळतो, त्यात जावईही मालक होतो. खरेदीखतावर त्याची सही नसेल तर ते खत अर्धवट राहतं. हा नियम हिंदू-ख्रिस्ती सगळ्यांना सारखाच.

एक हिशेब मांडून बघा. आजोबा वारले, आजी आहे, चार मुलं, चौघांची लग्नं झालेली. निम्मं घर आजीचं. उरलेल्या निम्म्याचे चार वाटे, म्हणजे प्रत्येक मुलाच्या किंवा मुलीच्या जोडप्याला १/८. आता या चौघांपैकी दोघे भाऊ आजोबांच्या मागून वारले, दोघांच्या बायका आहेत आणि प्रत्येकाला तीन विवाहित मुलं आहेत. तर त्या विधवेचा हिस्सा १/१६, आणि तीन मुलांपैकी प्रत्येक जोडप्याचा १/४८. सह्या मोजा: आजी १, हयात दोन मुलांची जोडपी ४, वारलेल्या प्रत्येक भावाकडच्या ७, म्हणून १४. एकूण १९. घर मात्र दोन खोल्या, एक वसरी आणि मागे न्हाणीघर एवढंच असू शकतं.

मृत्यूंचा क्रमही पाहावा लागतो. तोच भाऊ आजोबांच्या आधी वारला असता, तर त्याची मुलं त्याच्या जागी येऊन १/८ सरळ घेतात आणि सुनेच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही. म्हणून वंशावळ काढताना नुसती नावं पुरत नाहीत. प्रत्येकाची जन्म, विवाह आणि मृत्यूची नोंद लागते, तारखेसकट. विवाहाचा उतारा सिव्हिल रजिस्ट्रारकडचा हवा. लग्नाआधी करार झाला होता का, हे वकिलाने वेगळं विचारून घ्यायचं. घटस्फोट झालेला असेल तर तो वारसा उघडण्याच्या, म्हणजे मूळ मालक वारण्याच्या, आधीचा की नंतरचा, हेही.

विकणाऱ्यासमोर दोन वाटा असतात. सगळे वारस एकमताचे असतील तर नोटरीसमोर वारसाचं डीड करायचं. त्यात वारस कोण एवढंच ठरतं, कोणाला काय मिळालं ते ठरत नाही. म्हणून पुढे सगळ्यांनी मिळून विकायचं. मत जुळत नसेल तर कोर्टात इन्व्हेंतार, म्हणजे वारसा वाटून देण्याची कारवाई. कुटुंबातला एकजण कबेस द कझाल, म्हणजे वारशाचा कारभार पाहणारा, होतो, मालमत्तेची यादी देतो, आणि घर कोणाला जावं यासाठी वारसांमध्ये आपापसांत बोली लागते. जास्त बोली लावणाऱ्याला घर मिळतं, तो बाकीच्यांना त्यांच्या हिश्श्याचे पैसे देतो. घरी बसून दहा वर्षं भांडत राहण्यापेक्षा ही वाट पुष्कळ बरी. ज्याच्या हाती इन्व्हेंतारचा निकाल आहे त्याला गिऱ्हाईकही चांगलं मिळतं, कारण मग सह्या दोनच लागतात, त्याची आणि जोडीदाराची.

एखादा हिस्सेदार 'माझा चौथा वाटा तेवढा घ्या' म्हणाला तर घाई करू नका. हिस्सा परक्याला जात असेल तर इतर हिस्सेदारांना तोच भाव भरून तो उचलण्याचा अग्रहक्क आहे. आई-वडिलांनी एकाच मुलाला घर विकून टाकलेलं दिसलं, तर बाकीच्या भावंडांची संमती कागदावर आहे का ते पाहा.

वारस लंडन किंवा लिस्बनला असतील तर मुखत्यारपत्र येतं. ते भारतीय वकिलातीत साक्षांकित किंवा अपोस्टिल (तिथल्या सरकारचा खरेपणाचा शिक्का) केलेलं हवं, भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरलेला हवा, आणि देणारा खरेदीखताच्या दिवशी हयात हवा. वयस्कर वारसांच्या बाबतीत हा शेवटचा मुद्दा नेमका राहून जातो. पत्रात 'विकण्याचा आणि पैसे घेण्याचा' अधिकार शब्दांत लिहिलेला असावा. नुसतं 'देखभाल' असेल तर ते कामाचं नाही.

आता ताबा. तळमजल्यावर दुकान असेल तर भाडेकरू १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याखालचा असण्याची दाट शक्यता आहे. भाडं नाममात्र, आणि त्याला उठवण्याची कारणं कायद्यात मोजकी. तो आहे तसा ठेवून घर घेत असाल तर भावातून तेवढं कमी करा. 'विकल्यावर तो जाईल' या शब्दावर पैसे देऊ नका. परसात कोणाची खोप असेल तर मुंडकाराचा (मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचा) दावा आहे का, याची चौकशी मामलेदारांकडे होते.

जमीन कोणाची, हेही विचारायला हवं. जुन्या पणजीत आफ्रामेंतावरच्या जमिनी आहेत: घर तुमचं, वापर तुमचा, पण मूळ जमीनमालकाला दरसाल फोर भरायचा. रक्कम क्षुल्लक असली तरी न भरलेल्या वर्षांच्या पावत्या आणि मूळ मालकाची भूमिका खरेदीखताआधी स्पष्ट करून घ्या.

कागदांमध्ये तीन वेगवेगळे क्रमांक दिसतील आणि तिन्ही एकाच जागेचे आहेत हे जुळवणं हेच वकिलाचं मोठं काम. पोर्तुगीज काळच्या नोंदणीतला डिस्क्रिप्शन नंबर, करासाठीचा मात्रीज नंबर, आणि सिटी सर्व्हेचा पी. टी. शीट (नकाशाचा ताव) व चलता (त्यावरच्या तुकड्याचा) नंबर. जुन्या वर्णनात चतुःसीमा 'पूर्वेला अमक्याचं घर, पश्चिमेला रस्ता' अशा असतात. ती घरं हातोहात बदललेली असतात. फॉर्म डी, म्हणजे सिटी सर्व्हेचा उतारा, त्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध झाली असं नाही. घरपट्टीच्या पावतीने तर मुळीच नाही. पोर्तुगीज दस्ताचं मराठी किंवा इंग्रजी भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडूनच घ्या.

नकाशा हातात घेऊन घरात फिरा. पोर्तुगीज काळच्या घराला बांधकाम परवाना नसणार, ते चालतं. पण सर्व्हेच्या नकाशात नसलेली मागची खोली, वर चढवलेला मजला, गल्लीत आलेली न्हाणी हे सगळं नंतरचं आहे. त्याचा परवाना मागा. बँक कर्ज अडवते ते बहुधा इथेच. दोन घरांमधली सामाईक भिंत, सामाईक विहीर, शेजाऱ्याच्या अंगणात पडणारं पागोळ्याचं पाणी या गोष्टी तोंडी चालत आलेल्या असतात. त्या खरेदीखतात शब्दांत उतरवून घ्या.

घर बघायचं तर जुलैत. पणजीत पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि ही वस्ती आल्तिन्याच्या टेकडीखाली आहे. टेकडीचं पाणी मागच्या भिंतीतून झिरपतं. भिंती चिऱ्याच्या, मधे बहुधा माती किंवा चुना. कोणीतरी त्यावर सिमेंटचा गिलावा केलेला असतो. ओल बाहेर पडायला वाट राहत नाही म्हणून ती वर चढते, आणि कमरेच्या उंचीवर रंगाचे फुगे व पांढरा क्षार दिसतो. वरून पुन्हा रंग लावून उपयोग नाही. सिमेंट खरवडायचं, भिंत एक उन्हाळा सुकू द्यायची, आणि एक भाग मुरवलेला चुना व तीन भाग रेती असा गिलावा दिवाळीनंतर करायचा. ताजा रंग दिलेलं घर जूनमध्ये दाखवत असतील तर पावसाळा संपेपर्यंत थांबा.

छतात वाळवी पहिल्यांदा पकडते ती वाशाचं टोक भिंतीत घुसतं तिथे. खालून वासा खणखणीत दिसतो. शिडी लावून टोकाशी स्क्रूड्रायव्हर दाबा. सहज आत गेला आणि भुसा पडला तर तो वासा गेला. खोट्या छताखाली हे दिसत नाही, म्हणून एक फळी काढायला सांगा. मालक नाही म्हणाला तर सगळं लाकूड बदलायचं धरून भाव लावा. कौलं उतरवून स्लॅब टाकायचा विचार असेल तर इथे घर घेऊच नये. मातीत बसवलेल्या चिऱ्यांना तो भार झेपत नाही, आणि हा भाग संवर्धन क्षेत्रात असल्याने दर्शनी भाग, छपराचा उतार, खिडक्या यांना हात लावण्याआधी नियोजन प्राधिकरणाची व संवर्धन समितीची परवानगी लागते. होमस्टे करायचा असेल तर पर्यटन खात्याकडे नोंदणी वेगळी.

एवढं झाल्यावर भाव. मग वृत्तपत्रात जाहीर नोटीस, तिसवाडीच्या सब-रजिस्ट्रारकडून बोजा नसल्याचा दाखला, रजिस्टर केलेला करार आणि नंतर खरेदीखत. किंमत ५० लाख किंवा वर असेल आणि विकणारा निवासी असेल तर घेणाऱ्याने १ टक्का कर कापायचा. गोव्यात नवरा-बायकोचं विक्रीतून आलेलं उत्पन्न निम्मं-निम्मं धरलं जातं, म्हणून ही कपात दोघांच्या पॅनवर वेगवेगळी दाखवा. विकणारा परदेशी राहणारा असेल तर दर बराच चढा आणि नियम वेगळे. सीएला आधीच विचारा. अशा विकणाऱ्याला कमी दराचा दाखला आयकर खात्याकडून काढता येतो, पण तो खरेदीखताच्या आधी हातात हवा.

खत झालं की फॉर्म डी वर नाव चढवण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. आक्षेप घेणारा एखादा वारस राहिलाच असेल तर तो या अर्जावर निघणाऱ्या नोटिशीला पुढे येतो, आणि तेव्हा साक्षीदार, नोटरी आणि विकणारे सगळे अजून सापडतात. घरपट्टी, पाणी आणि विजेची जोडणी त्यानंतर.