पुठ्ठ्यातलं बोरीबंदर : घुमट, तिसरा प्रयत्न

सातवा महिना. १:२०० प्रमाणातल्या सीएसएमटीची दर्शनी बाजू उभी आहे, पण मधला घुमट काही केल्या जमेना. दोन घुमट केराच्या टोपलीत गेले.

पहिल्यात चूक माझीच. रस्त्यावरून तो गोल वाटतो म्हणून गोल केला. फोटो मोठे करून पाहिले तेव्हा कळलं, अष्टकोनी आहे. आठ कोपऱ्यांवरून आठ फासळ्या वर चढतात.

दुसऱ्या वेळी आयव्हरी कार्डाच्या आठ पाकळ्या कापल्या, कडेला कड चिकटवली. सकाळी बघतो तर दोन पाकळ्या आत बसलेल्या. आई म्हणाली, "अरे, सारण भरल्याशिवाय मोदक उभा राहतो का?" पटलं. वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, तर राहिला की उभा! दोन दिवस मी खूश होतो.

मग या घुमटाबद्दल वाचायला बसलो आणि खुशी उतरली. १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत वास्तुरचनाकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची ही इमारत झाली. सीताराम खंडेराव वैद्य सहायक अभियंता होते. एरवी असा घुमट रचताना खाली लाकडी सांगाडा लागतो, चुना पकडेपर्यंत दगड त्यावर टेकलेले असतात. इथे तो सांगाडाच नव्हता. फासळ्या डव्हटेलने एकमेकींत अडकवत वर नेल्या. सुतार ड्रॉवरच्या कोपऱ्याला करतो तोच सांधा, फक्त दगडात. त्यांनी सारणाशिवाय मोदक केला होता!

बोळे काढून टाकले. माउंट बोर्डाच्या आठ फासळ्या कापल्या, तळाला अष्टकोनी कडं, वर आठ खाचांची चकती. खाचेत खाच बसवली आणि फेव्हिकॉलचा थेंबही न लावता सांगाडा उभा राहिला. खरा डव्हटेल नाही हा, साध्या खाचा आहेत. पण तत्त्व तेच. पाकळ्या आता नुसत्या फासळ्यांवर टेकल्यात. एक अजून जराशी फुगलीय, ती मागच्या बाजूला वळवली.

बाकी किरकोळ. मोठ्या घड्याळाचा व्यास १० फूट ६ इंच, माझ्याकडे १६ मिलिमीटर. शर्टाचं मोठं बटण चालून गेलं. मालाडच्या दगडाचा पिवळा अजून साधत नाही, दर वेळी हळदीकडे झुकतो. जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या कोरीवकामाच्या वाटेला या प्रमाणात जाणं नाही. फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ मात्र एम-सीलचे केले. सिंह ओळखू येतो. वाघाला शेजारच्या मुलीने मांजर म्हटलं.

उरली ती घुमटाच्या टोकावरची 'प्रगती', म्हणजे स्त्रीचा पुतळा. तिच्या डाव्या हाताशी आऱ्यांचं चाक आहे, ते बंद पडलेल्या मनगटी घड्याळात सापडलं. उजव्या हातातल्या मशालीला टाचणी लावली तर हात खाली येतो. काय वापरता तुम्ही लोक?