सेझानचा डोंगर बघायला जाणाऱ्यांसाठी

चित्रकार सेझानचा सांत-व्हिक्त्वार डोंगर बघायला दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हांसला जायचं ठरवलं असेल तर आधी पॅरिसमध्ये थांबा, हे पहिल्यांदा सांगून टाकते. मार्सेयला उतरून थेट एक्स गाठणाऱ्यांची तिथे हटकून निराशा होते, कारण सेझानच्या गावात सेझानची चित्रं फारशी नाहीतच. पॉल सेझान १८३९ मध्ये एक्समध्ये जन्मला, १९०६ मध्ये तिथेच वारला आणि मधली कितीतरी वर्षं त्याच परिसरात रंगवत राहिला. पण गावच्या ग्राने संग्रहालयाचे तेव्हाचे प्रमुख आंरी पोंतिये यांनी, मी जिवंत असेपर्यंत या माणसाचं चित्र इथे लागणार नाही, असा पणच केला होता आणि तो त्यांनी पाळला. पुढे १९८४ मध्ये फ्रेंच सरकारने आठ चित्रं तिथे ठेवायला दिली, तीही बहुतेक लहान आकाराची. मोठी कामं तोवर जगभर पांगली होती. तेव्हा चित्रं पॅरिसला आणि जागा एक्सला, हाच क्रम ठेवा.

माझ्याबरोबर आई होती. ती ए.टी.डी. झालेली, आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या पोरांकडून वस्तुचित्रं घोटून घेण्यात तिची हयात गेली. त्यामुळे पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात सेझानच्या वस्तुचित्रांपुढे ती काय म्हणते याची मला उत्सुकता होती.

१८८८-९० च्या सुमाराचं एक चित्र आहे. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर पांढरं फडकं, फळं, एक आल्याची बरणी आणि टेबलाच्या कडेला टेकलेली भली मोठी टोपली. आई त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "अगं, या बरणीचं पोट समोरून दिसतंय आणि तोंड वरून. इंटरमिजिएटला मी मार्क कापले असते." मी म्हटलं, "आणि टेबलाची कड बघितलीस?" फडक्याच्या डावीकडून आत शिरलेली टेबलाची पुढची कड उजवीकडे बाहेर पडते ती दुसऱ्याच पातळीवर. दोन्ही तुकडे जोडले तर सरळ रेघ होत नाही. आईने डोळे बारीक करून बघितलं. "हो की गं. पण एकही फळ घरंगळत नाहीये."

तिने नेमकं मर्मावर बोट ठेवलं होतं. युरोपातल्या चित्रकाराने चारेकशे वर्षं एका जागी उभं राहून, जणू एकाच डोळ्याने जग बघायचं असा नियम पाळला होता. सेझानने तो सोडला. माणूस बघताना मान हलवतो, जरा पुढे वाकतो, पुन्हा मागे येतो. त्या सगळ्या बघण्याला त्याने एकाच चित्रात जागा दिली आणि वस्तूंचा तोल रंगांनी सांभाळला. १८७४ आणि १८७७ मध्ये तो दृक्प्रत्ययवाद्यांबरोबर, म्हणजे इम्प्रेशनिस्टांबरोबर प्रदर्शनात होता. पण त्यांची क्षणाच्या उजेडामागची धावाधाव त्याला पुरी पडली नाही. त्याला चित्रात वजन हवं होतं. म्हणून शेजारीशेजारी, एकाच दिशेने ओढलेले रंगाचे छोटे फटकारे, आणि त्यांतूनच आकार, अंतर, छाया सगळं. जवळ जाऊन बघा: सफरचंदाची गोलाई तांबड्या, नारिंगी, पिवळ्या फटकाऱ्यांनी वळवलेली आहे, काळ्या छायेचा आधार जवळजवळ नाहीच.

ओर्से सोमवारी बंद असतं. गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं आणि संध्याकाळनंतर गर्दी ओसरते, तीच वेळ धरा. पायऱ्या टाळायच्या असतील तर लिफ्ट विचारा. ज्येष्ठांबरोबर असाल तर वरच्या मजल्यापासून सुरुवात करा, म्हणजे पाय थकायच्या आत मुख्य चित्रं होतात. लेस्ताकहून दिसणारं मार्सेयचं आखात आणि पत्ते खेळणारे दोघे, ही दोन चित्रं चुकवू नका. मग पती पाले या संग्रहालयात जा. तिथला कायमचा संग्रह फुकट बघता येतो, आणि त्यातलं 'तीन स्नान करणाऱ्या स्त्रिया' हे चित्र म्हणजे आधुनिक कलेचा एक दुवाच आहे. चित्रकार मातीसने ऐन ओढगस्तीत, १८९९ मध्ये, ते आंब्र्वाझ व्होलार या दुकानदाराकडून घेतलं, ३७ वर्षं जवळ बाळगलं आणि १९३६ मध्ये या संग्रहालयाला देऊन टाकलं. मांडणी बदलत असते, म्हणून आत शिरतानाच चौकशी करा.

पॅरिसच्या गार द लिओं स्टेशनाहून टीजीव्ही या वेगवान गाडीने एक्सला साधारण तीन तास लागतात. मात्र टीजीव्हीचं स्टेशन गावाबाहेर, पार माळावर आहे. तिथून गावातल्या बसस्थानकापर्यंत बस असते. मार्सेयहून येणाऱ्यांना सेंट शार्ल स्टेशनातून वारंवार बस मिळते, ती जास्त सोयीची. गावात गाडीची गरज नाही, उलट पार्किंग शोधण्यात जीव जातो. गाडी लागते ती डोंगराच्या बाजूला फिरायला.

गावात फुटपाथवर सेझानच्या नावाचं 'सी' अक्षर कोरलेली पितळी बटणं ठोकली आहेत. त्यांच्या मागे मागे जाता येतं: जन्माचं घर, शाळा, वडिलांचं टोप्यांचं दुकान. वडील आधी टोप्या विकत, पुढे बँकवाले झाले आणि त्यांच्याच पैशावर मुलगा चित्रं विकायच्या काळजीशिवाय आयुष्यभर रंगवू शकला, ही गोष्ट चरित्रांत जरा घाईने सांगतात. शाळेतला त्याचा जिवलग मित्र म्हणजे पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला एमिल झोला. खरं सांगायचं तर ही बटणांची वारी मला कंटाळवाणी वाटली. घरांच्या भिंतीवरच्या पाट्या वाचून चित्रकार कळत नाही. सकाळी रिशेल्म चौकातला भाजीबाजार करा, तो रोज भरतो. शाकाहारी मंडळींनी चीज, ऑलिव्ह, पीच, पाव घेऊन ठेवावं. ऑलिव्हच्या काळ्या वाटणात, म्हणजे तापनादमध्ये, अँचोव्ही नावाची मासळी असते, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. आणि विचारायच्या आधी 'बोंजूर' म्हणायचं, नाहीतर उत्तर तुटक येतं.

लोव्हच्या टेकडीवर सेझानचा स्टुडिओ आहे, गावापासून चढाचा रस्ता. धडधाकट माणसाला वीसेक मिनिटं. आईचे गुडघे बोलतात म्हणून आम्ही शहरबसने गेलो. १९०१ मध्ये त्याने ही जमीन घेतली, स्टुडिओ बांधला आणि १९०२ पासून मरेपर्यंत इथे काम केलं. काम करायची खोली वरच्या मजल्यावर आहे. राखाडी भिंती, उत्तरेला प्रचंड मोठी खिडकी, आणि तिच्या शेजारी भिंतीत एक उंच, अरुंद फट. ही फट चुकवू नका. स्नान करणाऱ्या स्त्रियांची अवाढव्य चित्रं जिन्यावरून उतरवता येईनात म्हणून भिंतीतच ठेवलेली ती वाट आहे. फळीवर कवट्या, आल्याची बरणी, हात तुटलेला प्लास्टरचा मदन. आईने बरणी बघितल्या बघितल्या ओळखली आणि चक्क हसली. पॅरिस आधी करा म्हणते ते एवढ्यासाठी.

इथे वेळ ठरवून तिकीट घ्यावं लागतं आणि एका वेळी थोडीच माणसं आत सोडतात. मधे वास्तू दुरुस्तीसाठी बंद होती, २०२५ मध्ये पुन्हा उघडली. वडिलांनी १८५९ मध्ये घेतलेला जास द बूफां हा वाडाही त्याच वर्षी लोकांसाठी खुला झाला. तिथल्या दिवाणखान्याच्या भिंतींवर तरुण सेझानने चार ऋतू रंगवले आणि खाली खोडसाळपणे 'अँग्र' अशी त्या काळच्या बड्या चित्रकाराची सही ठोकली. ते चारही पॅनल आता पती पालेकडे आहेत. दोन्ही ठिकाणच्या वेळा मोसमाप्रमाणे बदलतात. निघण्यापूर्वी बघून घ्या.

स्टुडिओतून डोंगर दिसत नाही, हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. त्यासाठी आणखी वर, चित्रकारांच्या मैदानावर चालत जायचं. सेझानही तसाच पाठीवर सामान टाकून जायचा. जागा फुकट आहे, ठिकठिकाणी चित्रांच्या प्रतिकृती उभ्या केल्यात. सांत-व्हिक्त्वार पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळी तो उजेडाच्या विरुद्ध, नुसता निळसर धूसर दिसतो. दुपारी चारनंतर जा. तेव्हा पांढऱ्या चुनखडीवर उजेड पडतो आणि एकेक पैलू सुटा होतो.

इथे एक करून बघा. प्रतिकृतीकडे बघू नका. समोरच्या सपाटीवरचं एक लाल छप्पर धरा, तिथून नजर डोंगराच्या खांद्यापर्यंत न्या, मग दोन पावलं डावीकडे सरकून पुन्हा तेच करा. मधलं अंतर मोजता येत नाही. हवा कोरडी आणि स्वच्छ, म्हणून डोंगर जवळ आल्यासारखा वाटतो. छप्पर, शेत, झाडी एकावर एक रचल्यासारखी उभी राहतात. त्याने या डोंगराची ३०हून अधिक तैलचित्रं केली, जलरंगातली वेगळीच. शेवटच्या चित्रांत घर, झाड, खडक यांच्यात भेदच उरत नाही, सगळे रंगाचे चौकोनी तुकडे. हा कल्पनाविलास असावा असं मला पूर्वी वाटे. तिथे उभं राहिल्यावर तो बऱ्यापैकी सरळ अहवाल वाटतो.

१९०४ मध्ये एमिल बेर्नार या तरुण चित्रकाराला लिहिलेल्या पत्रात सेझानने निसर्ग दंडगोल, गोल आणि शंकू यांतून हाताळायचा सल्ला दिला होता. ते पत्र १९०७ मध्ये छापून आलं, त्याच वर्षी पॅरिसच्या शरद प्रदर्शनात त्याची मोठी स्मृतिमांडणी झाली, आणि पिकासो-ब्राक या चित्रकारांच्या पिढीने दोन्ही एकदम पचवलं. घनवादाचं, म्हणजे क्युबिझमचं मूळ म्हणून हे वाक्य सगळीकडे सांगतात. पण यादीत घन नाहीच!

घन बघायचा तर बिबेमूसला जायला हवं. ही पिवळ्या-तांबूस दगडाची जुनी खाण. एक्समधली सतराव्या-अठराव्या शतकातली श्रीमंतांची घरं याच दगडाची आहेत. सेझान आला तेव्हा खाण ओस पडली होती. त्याने १८९५ पासून तिथे एक खोपटं भाड्याने घेतलं होतं. खाणकामगारांनी कापून नेलेल्या दगडांच्या जागी सरळ कडा, काटकोनी कोनाडे, पायऱ्या उरल्या आहेत आणि त्यांच्या सांध्यांतून पाइनची झाडं उगवली आहेत. एका भिंतीवर छिन्नीचे तिरके, समांतर घाव इतके दाट आहेत की ते सेझानच्या फटकाऱ्यांसारखे दिसतात. मला वाटतं, घनवादाच्या इतिहासात या अनाम पाथरवटांनाही एक ओळ द्यायला हरकत नाही.

बिबेमूसला पर्यटन कार्यालयामार्फत आधी जागा राखून, मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं. चपला चालणार नाहीत, पकड असलेले बूट घाला. जमीन उंचसखल आहे, आईला एका ठिकाणी बसवून ठेवावं लागलं. उन्हाळ्यात आणखी एक भानगड: वणव्याच्या भीतीने १ जून ते ३० सप्टेंबर या काळात डोंगर-जंगलात जायला रोज ठरणारे निर्बंध असतात. आदल्या संध्याकाळी प्रशासनाचा नकाशा बघा. लाल असेल तर प्रवेश बंद, विनवण्या चालत नाहीत. शिवाय मिस्त्राल वारा सुटला की उभं राहणं कठीण. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर हे बरे महिने.

वर क्रॉसपर्यंत, म्हणजे ९४६ मीटरपर्यंत चढायचं असेल तर व्होव्हनार्ग गावाच्या बाजूने काबासोलची वाट झाडीतली आहे, चढायला सुमारे दोन तास. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना अवघड नाही, पण वरचा चुनखडीचा दगड पावलांनी गुळगुळीत झालाय. पाणी भरपूर घ्या. चढताना खाली व्होव्हनार्गचा किल्लेवजा वाडा दिसतो. पिकासोने तो १९५८ मध्ये घेतला आणि १९७३ मध्ये त्याला तिथेच पुरलं. सेझानचा डोंगर विकत घेतला, असं तो मिरवायचा म्हणतात. वाडा खासगी आहे, बाहेरूनच बघायचा.

खाली आल्यावर आईने सय्यद हैदर रझांची आठवण काढली. नागपूरच्या कलाशाळेत आणि मग मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकलेले रझा १९४८ मध्ये श्रीनगरला आंरी कार्तिए-ब्रेसाँ या छायाचित्रकाराला भेटले. त्याने त्यांची चित्रं बघून सांगितलं, रंग छान आहेत पण बांधणी नाही, सेझान अभ्यासा. रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले ते कित्येक दशकं तिथेच राहिले. "आम्हाला शाळेत बांधणी म्हणजे पर्स्पेक्टिव्हच शिकवलं," आई म्हणाली. एवढंच, पुढे तिने विषय बदलला.

वेळ उरला तर मार्सेयहून लेस्ताकला जा, लोकल गाडी किंवा बस मिळते. १८७० च्या युद्धात सैन्यभरती चुकवून सेझान इथे दडला होता. १९०८ मध्ये ब्राकने इथली घरं रंगवली, आणि त्यावर लिहिताना समीक्षक लुई व्होसेलने 'घन' असा कुत्सित उल्लेख केला. चळवळीला नाव मिळालं ते त्यातून. आज समोर धक्के, क्रेन आणि रहदारी आहे; रम्य काही शोधू नका. रेल्वेच्या कमानींखालून वरच्या गल्ल्यांत चढलात तर कौलारू छपरांमागे समुद्र भिंतीसारखा उभा दिसतो, ओर्सेतल्या चित्रात आहे तसाच. खाली बंदरावरच्या टपऱ्यांवर पानिस मिळतात. हरभऱ्याच्या पिठाचं पिठलं थापून, कापून तळल्यावर जे होईल ते. पूर्ण शाकाहारी, गरमच खा. टपरीवाल्याकडे कार्ड चालेलच असं नाही, सुटे युरो ठेवा, आणि परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच बघून घ्या, कारण रविवारी गाड्या विरळ असतात.