हात लावल्याशिवाय जायचं नाही

आयर्लंडमध्ये, लिमरिक भागातल्या एका वृद्धाश्रमात मी नर्स आहे. १ मेची दुपार होती. स्मृतिभ्रंश झालेल्यांना जुने दिवस आठवावेत म्हणून आमच्या एका सहकारी मुलीनं काचेची, दांडा फिरवून लोणी काढायची बरणी आणली होती. गोळ्या देऊन मी निघाले, तोच कुणीतरी माझं मनगट धरलं. हो-नाहीपलीकडे कित्येक महिने न बोललेल्या, नव्वदी ओलांडलेल्या आजी!

"हात न लावताच निघालीस? आमचं लोणी घेऊन जाशील."

मी दांडा फिरवला. त्यांनी सांगितलं तसं "देव या कामाचं भलं करो" म्हटलं, तेव्हा कुठे मनगट सुटलं.

मग आजी बोलतच राहिल्या. घुसळण चालू असताना जो घरात येईल त्यानं हात लावायचाच. गाईच्या शेपटीला लाल दोरा बांधायचा. १ मेच्या पहाटे कुणी आपल्या कुरणातलं दव फडक्यानं टिपून नेलं, की आपलं वर्षभराचं लोणी जादूनं त्याच्याकडे गेलं, अशी समजूत. त्या दिवशी आई चूल उशिरा पेटवायची, गावातला पहिला धूर आपल्या घरातून निघायला नको म्हणून.

मला हसू आलं नाही. मीही दृष्ट काढणाऱ्या घरातलीच. आणि आजींच्या आजीच्या काळात लोणी विकूनच जमीनदाराचा खंड भरायचा असे. साय फार थंड किंवा फार गरम असली की लोणी धरत नाही. पण कारण कळलं नाही की लोणी चोरल्याचा दोष द्यायला माणूस शोधला जाई. बहुतेक वेळा शेजारची एकटी बाई. इथे आजी थांबल्या.

"आई तिच्याशी शेवटपर्यंत बोलली नाही."

आमचं क्रीमही थेट फ्रिजमधलं. दांडा फिरवून हात भरून आले, तरी काही होईना. आजींनी बरणीला दोन्ही तळवे लावले आणि बराच वेळ तसेच ठेवले. मग काचेला रवाळ कण चिकटायला लागले, आणि बघता बघता पिवळा गोळा जमला.

चहानंतर स्वयंपाकघरातली मुलगी दुधाचं भांडं न्यायला आली. आजींनी ते छातीशी धरलं. १ मेला दूध, विस्तव, राख, काहीच घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. मी मुलीला खुणेनं परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडं त्यांच्या खिडकीत होतं, वर रुमाल झाकलेला. त्यांनी स्वतः ते माझ्या हातात दिलं.

"आज दोन तारीख. ने आता."