जुन्या गेमिंग लॅपटॉपचा ताप

माझा गेमिंग लॅपटॉप २०१७च्या पिढीतला. आय-सेव्हन ७७००एचक्यू प्रोसेसर आणि जीटीएक्स १०५० टीआय कार्ड. भांडुपच्या आमच्या खोलीत एप्रिलच्या दुपारी अंगाची लाहीलाही होते, तिथे लॅपटॉपचं काय सांगावं! गेम लावला की सुरुवातीला सगळं झकास, आणि मग ऐन मारामारीत फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) साठवरून विशीच्या खाली. जरा वेळाने आपोआप वर, परत खाली. मित्रमंडळींचे सल्ले ठरलेले: विंडोज नव्याने टाक, रॅम वाढव, कूलिंग पॅड (लॅपटॉपखाली ठेवायचं पंख्याचं स्टँड) घे.

खिशात हात घालण्याआधी मोजून बघितलं. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर मागे चालू ठेवून गेम खेळलो. प्रोसेसर ९८ अंशांवर आणि थर्मल थ्रॉटलिंगच्या रकान्यात ‘येस’. या चिपची मर्यादा १०० अंशांची. ती गाठायची वेळ आली की चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते. फ्रेम पडत होत्या त्याच क्षणी वेगही कोसळताना दिसत होता, म्हणजे रॅमचा विषयच संपला.

लॅपटॉप बंद करून मागचं झाकण उघडलं आणि सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवलं. पंखा काढल्यावर खरा प्रकार दिसला. पंखा आणि तांब्याच्या बारीक पट्ट्या यांच्यामध्ये धुळीचा जाड थर, अगदी नमद्यासारखा. बाहेरून कितीही हवा मारा, हा थर हलत नाही. पंखा सोडवल्याशिवाय तो दिसतसुद्धा नाही. (गादीवर लॅपटॉप ठेवून खेळणाऱ्यांनी हे एकदा बघावंच.) ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवायची, नाहीतर ती भरधाव फिरून बेअरिंगची वाट लागते.

एवढ्यानं तापमान नव्वदीवर आलं. फरक होता, पण पुरेसा नाही. मग चिप आणि तिच्यावरचा धातूचा हीटसिंक यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट आणि मऊ पॅड बदलायचे ठरवले. ग्रँट रोडला उतरून इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराचा लॅमिंग्टन रोड गाठला.

“दादा, लॅपटॉपसाठी थर्मल पेस्ट हवी होती. आणि थर्मल पॅडपण.”

“पेस्ट ही एमएक्स-फोर न्या. पॅडची जाडी मोजलीय का?”

“नाही.”

“मग पॅड आज नका नेऊ. जाड पडलं तर हीटसिंक चिपला टेकणारच नाही.”

धंदा सोडून खरं सांगणारा माणूस. घरी येऊन बघितलं तर जुने पॅड मऊ आणि शाबूत होते, ते तसेच ठेवले. पेस्ट मात्र वाळून खडूसारखी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती पुसून नवी लावली. हीटसिंकच्या स्क्रूंशेजारी आकडे छापलेले असतात, त्याच क्रमाने सगळे थोडे थोडे आवळत न्यायचे. एकच कोपरा आधी घट्ट केला तर दाब तिरका पडतो. आता प्रोसेसर ८४ ते ८६.

पुढची पायरी अंडरव्होल्टिंगची, म्हणजे चिपला थोडा कमी व्होल्टेज देण्याची. त्यासाठीचं थ्रॉटलस्टॉप हे सॉफ्टवेअर उघडलं तर तिथे ‘लॉक्ड’. डिसेंबर २०१९मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली त्रुटी जाहीर झाली, त्यानंतरच्या बायॉस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटमध्ये बऱ्याच लॅपटॉपवर ही सोय बंद झाली. जुनं बायॉस टाकायच्या भानगडीत पडलो नाही. त्याऐवजी विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्क्यांवरून ९९ केली. एका टक्क्याचा हा फरक टर्बो (गरज पडली की चिपचा वेग वाढवण्याची सोय) बंद करतो आणि चिप २.८ गिगाहर्ट्झच्या वर जात नाही. मी खेळतो त्या गेममध्ये आधी दम लागतो तो ग्राफिक्स कार्डाला, त्यामुळे फ्रेम जवळपास तेवढ्याच राहिल्या आणि तापमान ७५ ते ७८वर आलं. स्क्रीन ६० हर्ट्झचीच असल्याने फ्रेमही साठवर बांधून टाकल्या.

मावसभावाचं कूलिंग पॅडही लावून बघितलं. दोन-तीन अंशांचा फरक आणि वर आणखी एक घोंघावणारा पंखा. परत देऊन टाकलं.

उजव्या पंख्याची घरघर मात्र अजून आहे. त्याच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर लिहून ठेवलाय. पावसाआधी लॅमिंग्टनला जाऊन मिळतो का बघणार.