तीन तोळ्यांचा बाण

माझ्या गॅरेजमधल्या टेबलावर सोनाराकडे असतो तसा एक छोटा काटा आहे आणि गेली दोन वर्षे मी त्यावर बाण तोलतो आहे. अमेरिकेत बाणाचे वजन ग्रॅममध्ये सांगत नाहीत, ग्रेनमध्ये सांगतात. सात हजार ग्रेन म्हणजे एक पौंड. हे माप मला बरेच दिवस परके वाटत असे. पण इंग्रजी अमलात आपला तोळा बरोबर 180 ग्रेनचा ठरवला गेला होता, हे लक्षात आले आणि सगळा हिशेब एकदम घरचा झाला. माझा जुना बाण 400 ग्रेनचा, म्हणजे सव्वादोन तोळ्यांच्या आसपास होता. आताचा 552 ग्रेनचा, म्हणजे तीन तोळ्यांहून किंचित जास्त आहे, आणि त्यातले दीड तोळे वजन एकट्या पुढच्या टोकापाशी आहे. हे दीड तोळे तिथे नीट बसवण्यात माझा एक अख्खा उन्हाळा गेला.

मी मिशिगन राज्यात, डेट्रॉईटच्या उपनगरात राहतो. मोटारींसाठी प्रसिद्ध असलेले हे राज्य धनुष्यबाणाच्या शिकारीचेही जुने माहेरघर आहे, ही गोष्ट इथे येण्यापूर्वी मला ठाऊक नव्हती. धनुष्याने हरणाची शिकार करण्यासाठी इथे 1937 पासून स्वतंत्र मोसम आहे, आणि या छंदाला देशभर लोकप्रिय करणाऱ्या फ्रेड बेअर यांचा धनुष्यांचा कारखाना अनेक वर्षे उत्तर मिशिगनमधल्या ग्रेलिंग या छोट्या गावात होता. दरवर्षी 1 ऑक्टोबरला धनुष्याचा मोसम उघडतो आणि 15 नोव्हेंबरला बंदुकवाले रानात उतरेपर्यंत जंगल तुलनेने शांत असते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा विषय संपवला आणि ते योग्यच झाले असे मी मानतो. इथे परिस्थिती वेगळी आहे: पांढऱ्या शेपटीची हरणे भरपूर आहेत, परवाने मोजून दिले जातात, परवान्यापूर्वी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, आणि मारलेले हरीण लोक खातात.

या वाटेला मला लावले ते शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी. ते साच्यांच्या कारखान्यात कारागीर होते, वय पंचाहत्तरच्या पुढे आहे, आणि इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना पहिल्या नावाने हाक मारतो, जरी प्रत्येक वेळी तोंडात आधी ‘काका’च येते. त्यांच्या हातात नेहमी लाकडी रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले, धनुष्य असते. सातारच्या अदिती स्वामी आणि नागपूरच्या ओजस देवतळे यांनी 2023 मध्ये बर्लिनला जगज्जेतेपद मिळवले, तेव्हा त्यांच्या हातात जे चाकांचे, दुर्बिणीसारख्या भिंगाचे कंपाउंड धनुष्य तुम्ही पाहिले असेल, त्याच्याशी या धनुष्याचे नाते फक्त नावापुरतेच आहे. पारंपरिक धनुष्याला भिंग नसते, दोरी सोडायला यंत्र नसते. तीन बोटांनी दोरी ओढायची, गालाला टेकवायची आणि बोटे सैल करायची. बाणाच्या सगळ्या भानगडी या बोटांपासूनच सुरू होतात.

बोटांवरून सुटताना दोरी सरळ पुढे जात नाही. ती बोटांच्या टोकांना वळसा घालून किंचित बाजूला सरकते आणि मग पुढे धावते. त्यामुळे बाणाच्या शेपटीला बाजूचा धक्का बसतो, पुढचे टोक जडत्वामुळे मागे रेंगाळते आणि मधला दांडा धनुष्यासारखाच वाकतो. तो धनुष्याच्या मुठीला वळसा घालून, डावी-उजवीकडे लवत, पाण्यातल्या सापासारखा पुढे जातो आणि पिसांच्या आधाराने हळूहळू सरळ होतो. दांडा किती वाकावा यालाच सगळे महत्त्व आहे. कमी वाकला तर तो मुठीला घासतो, जास्त वाकला तर हवेत वळवळत राहतो, आणि दोन्ही वेळा लक्ष्यावर आदळताना त्याची शक्ती वाया गेलेली असते. दांड्याच्या या ताठपणाला स्पाइन म्हणतात. 28 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर दांडा ठेवून मध्यभागी 1.94 पौंडांचे वजन टांगायचे. तो अर्धा इंच लवला तर त्याची स्पाइन 500, इंचाचे चार दशांश लवला तर 400. म्हणजे आकडा जितका लहान, तितका दांडा ताठ. हे टेबलावरचे माप झाले. प्रत्यक्ष सुटताना दांडा किती वाकेल हे त्याची लांबी, टोकाचे वजन आणि धनुष्याचा जोर यांवर ठरते.

जड टोकाच्या मागे मी लागलो त्याला एक कारण घडले. माझ्या पहिल्याच मोसमात सतरा यार्डांवरून सोडलेला सव्वादोन तोळ्यांचा बाण एका मादीच्या खांद्याच्या हाडावर बसला आणि बोटभर आत जाऊन थांबला. मी आणि शेजारी मध्यरात्रीपर्यंत विजेरी घेऊन माग काढत होतो. मोडलेला बाण मिळाला, रक्ताचे थेंब ओढ्यापाशी संपले, हरीण मिळाले नाही. जखम वरवरची आहे, ते जगेल, असे शेजारी म्हणाले. तो त्यांचा खरा अंदाज होता की माझ्या समाधानासाठी बोललेले वाक्य, हे मी त्यांना अजून विचारलेले नाही.

डॉ. एड ॲशबी यांनी 1980 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात बाणांच्या भेदनक्षमतेचा अभ्यास केला आणि पुढे अनेक वर्षे तो चालू ठेवला. जड, मजबूत आणि पुढच्या बाजूला वजन असलेला बाण हाडातून जास्त खोल जातो, या मताला त्यांच्या अभ्यासामुळे मोठे बळ मिळाले. बाणाचा तोल किती पुढे आहे हे शेकड्यात मोजतात: बाण बोटावर तोलून तोलबिंदू शोधायचा, तो लांबीच्या मध्यापासून किती पुढे आहे ते मोजायचे आणि त्याला एकूण लांबीने भागायचे. साधारण बाणात हा आकडा दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास असतो आणि 19 टक्क्यांच्या वर गेला की ॲशबी त्याला अतिशय पुढे झुकलेला मानतात. मात्र त्यांच्याच क्रमवारीत पहिला क्रमांक बाणाच्या मजबुतीचा, दुसरा त्याच्या स्वच्छ उड्डाणाचा आणि या टक्केवारीचा तिसरा आहे. टक्केवारीची बढाई मारणारे बहुतेक जण पहिल्या दोन क्रमांकांना वगळून थेट तिसऱ्यावर येतात, आणि मीही तेच केले.

मी काय केले, तर जुन्या 500 स्पाइनच्या दांड्यांवरचे 125 ग्रेनचे टोक काढून 300 ग्रेनचे बसवले. क्लबच्या मैदानावर पहिला बाण सोडला तेव्हा तो शेपूट झटकत आडवाच गेला. कारण साधे होते: टोक जितके जड, तितके ते जागचे हलायला नाखूश, आणि तितका मागचा दांडा जास्त वाकतो. विटीच्या एका टोकाला शिसे भरून खेळण्यासारखाच हा प्रकार होता. शेजाऱ्यांनी काही न बोलता मला दुसऱ्या दिवशी 400 स्पाइनचे चार अखंड दांडे आणून दिले.

पुढचे दोन महिने मी बोडके बाण सोडत होतो. पिसे बाणाच्या चुका झाकतात. पिसे काढली की दांडा खरे बोलतो. वीस यार्डांवरून आधी पिसे असलेले तीन बाण सोडायचे, मग दोन बोडके, आणि दोन्ही कुठे बसतात ते पाहायचे. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बोडका बाण उजवीकडे गेला तर दांडा लवचिक आहे, डावीकडे गेला तर ताठ आहे. खाली बसला तर दोरीवरची खाचेची खूण, म्हणजे बाणाची खाच दोरीत अडकवायची जागा, फार वर आहे, वर बसला तर फार खाली. उंचीचा प्रश्न आधी सोडवावा लागतो, कारण खूण खाली असली की बाण ज्यावर टेकतो त्या मुठीवरच्या कट्ट्यावर तो आपटून उसळतो आणि पुढचे सगळे निष्कर्ष खोटे ठरतात. माझे 200 ग्रेनचे टोक आणि 75 ग्रेनची पितळी बूच (दांड्याच्या तोंडात बसणारी, जिच्यात टोक अडकते) लावलेले पूर्ण लांबीचे दांडे सुरुवातीला उजवीकडे वीतभर जात होते. दांडा आखूड केला की ताठ होतो, म्हणून दरवेळी पाव इंच कापायचे, तोंड घासून सपाट करायचे, बूच पुन्हा बसवायची आणि पुन्हा मैदानावर जायचे. बूच गरम डिंकाने बसवलेली असल्यामुळे टोकाला ऊब दिली की सुटते. ऊब दांड्याला लागता कामा नये, नाहीतर कार्बनचे थर सैल होतात. कापताना उडणारी काळी पूड फुप्फुसात जाऊ नये म्हणून तोंडाला मास्क लावतो.

एका रविवारी मात्र बोडका बाण कापूनही उजवीकडेच जाऊ लागला, म्हणून मी आणखी कापला, तर तो आणखी उजवीकडे गेला. संध्याकाळी शेजाऱ्यांनी दांड्यावर पायाला लावायची पावडर फवारून एक बाण सोडायला लावला, आणि मुठीच्या कडेवर पांढरा पट्टा उमटला. दांडा केव्हाच ताठ झाला होता. तो मुठीवर आपटून उजवीकडे उसळत होता आणि लवचिक असल्याचे सोंग करत होता. तो दांडा आता परसातल्या टोमॅटोच्या वेलाला आधार देतो. उरलेले तीन मी साडेएकोणतीस इंचांवर थांबवले, आणि तिथे पिसांचे व बोडके बाण एका तळहाताच्या आत बसू लागले. तोल मोजला तर तो 24 टक्के निघाला. जड हाडासाठी ॲशबी सांगतात तो 650 ग्रेनचा उंबरठा मी गाठला नाही, कारण माझे धनुष्य माझ्या ओढीला जेमतेम 43 पौंड जोर देते, आणि त्याहून जड बाण त्यातून दगडासारखा पडला असता.

पडतो तर आताचाही. जुना बाण सेकंदाला सुमारे 170 फूट जात असे, हा 152 फूट जातो. वेग दहा-अकरा टक्के घटला, पण वजन जास्त वाढल्यामुळे संवेग सुमारे 23 टक्क्यांनी वाढला. त्याची किंमत अशी, की वीस यार्डांवर हा बाण सहा-एक इंच खाली बसतो. भिंग नसलेल्या धनुष्यात हे सहा इंच डोळ्यांनाच शिकावे लागतात, आणि म्हणून मी वीस यार्डांपलीकडच्या हरणाकडे नुसते पाहत बसतो.

शेवटची परीक्षा शिकारीच्या रुंद पात्याची असते. सरावाचे टोक गोल असते. पाते मात्र हवेत पुढच्या पिसासारखे वागते आणि बाण जरा तिरका असला तरी त्याला भलतीकडे ओढून नेते. माझी पाती एकाच बाजूने धार लावलेली आहेत. तशी धार हाडात शिरताना पिळत जाते, म्हणून धारेची बाजू आणि पिसांचा पीळ एकाच दिशेचे असावे लागतात. तोल पुढे गेल्याचा एक अनपेक्षित फायदा इथे कळला: तोलबिंदूपासून पिसे लांब गेल्यामुळे त्यांची तरफ वाढते, आणि पाच इंचांऐवजी चार इंचांची टर्कीची पिसेही पात्याला ताब्यात ठेवतात.

गेल्या ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, ग्रेलिंगच्या बाजूच्या सरकारी जंगलात, सोळा यार्डांवर एक मादी आडवी उभी राहिली. बाण तिच्यातून आरपार गेला आणि पलीकडे शेवाळात रुतला. आम्ही अर्धा तास थांबलो. ती साठ पावलांवर पडलेली होती. घरी परतताना मी जड टोकाचे कौतुक करू लागलो, तेव्हा शेजारी म्हणाले की हा बाण दोन बरगड्यांच्या मधून गेला आहे, तिथून तुझा जुना बाणही गेला असता. ते खरे आहे. तो बाण मी धुऊन, एक पीस बदलून, पुन्हा काट्यावर ठेवला: 551 ग्रेन.